क्रियापदावरील हक्क : शब्दाधारित ऑनलाइन भूमिकाखेळातील पात्रसंवाद

विषयप्रवेश

पात्रापात्रांमधील व्यवहाराची चर्चा करताना साहित्यसमीक्षेने एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, दोन्ही पात्रांमागे लेखक एकच असतो. नाटकातील दोन पात्रे कितीही कडाक्याने भांडोत, त्या भांडणाच्या दोन्ही बाजू एकाच हाताने लिहिलेल्या असतात. कादंबरीतील नायिकेचा नकार नायकाला अनपेक्षित असेल, पण कादंबरीकाराला तो अनपेक्षित नसतो. संगणकाच्या जाळ्यावर केवळ शब्दांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांनी हे गृहीतक मोडीत काढले. या खेळात चित्र नसते, आवाज नसतो. पडद्यावर उमटतात ती वाक्ये. प्रत्येक सहभागी एका पात्राचे नाव धारण करतो आणि त्या पात्राचे बोलणे व वागणे टंकलिखित करतो. त्याच कल्पित खोलीत हजर असलेले इतर सहभागी ते त्याच क्षणी वाचतात व आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. म्हणजे येथे जितकी पात्रे तितके लेखक असतात. हे लेखक एकमेकांना पाहत नाहीत, पुढचे वाक्य काय येणार हे त्यांना ठाऊक नसते, आणि एकदा पाठविलेले वाक्य खोडता येत नाही.

अशा खेळात दीर्घकाळ वावरलेल्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते. पात्रे भेटतात, तासन्‌तास बोलतात, तरीही काही घडल्याचा अनुभव येत नाही. याउलट एखादी दहा मिनिटांची भेट वर्षानुवर्षे स्मरणात राहते. दोन पात्रांमधील व्यवहार अर्थपूर्ण केव्हा ठरतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वर्णनाची समृद्धी, कथानकाची रंजकता किंवा खेळाकडून मिळणारी बक्षिसे यांत या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची प्रथा आहे. ते त्याहून अगोदरच्या, वाक्यरचनेच्या पातळीवर दडलेले आहे, असे येथे मांडावयाचे आहे. दुसऱ्याच्या पात्राचे क्रियापद लिहिण्याचा हक्क कोणाचा, हा तो प्रश्न होय.

गुणांपासून खोल्यांपर्यंत

या प्रकाराची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विल क्राउदर याने 1976 च्या सुमारास लिहिलेला आणि डॉन वुड्स याने 1977 मध्ये वाढविलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा संगणकीय खेळ एकट्याने खेळावयाचा होता. गुहेत शिरावे, आज्ञा टंकाव्यात आणि यंत्राने उत्तर द्यावे, असे त्याचे स्वरूप होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने 1978 मध्ये या दोन कल्पना एकत्र आणल्या व रिचर्ड बार्टल याने ते काम पुढे नेले. ‘मल्टि-युझर डन्जन’ असे त्या खेळाचे नाव होते आणि त्याच्या आद्याक्षरांवरून पुढे या संपूर्ण प्रकारालाच ‘मड’ म्हणू लागले.

पहिल्या मडमध्ये संपत्ती शोधून ती दलदलीत टाकली की गुण मिळत आणि पुरेसे गुण जमले की खेळाडू ‘विझर्ड’ म्हणजे जादूगार होई. दुसरा खेळाडू येथे प्रतिस्पर्धी किंवा मदतनीस असे. 1989 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील जेम्स अ‍ॅस्पनेस याने ‘टायनीमड’ तयार केला. त्यात गुणांची शर्यत नव्हती. कोणालाही नव्या खोल्या बांधता येत. खेळ म्हणून उरले काय, असा प्रश्न पडावा इतका तो साधा होता. परंतु गुणांची शर्यत काढून घेताच लोक खोल्या बांधू लागले व बोलू लागले. टायनीमड जेमतेम आठ-नऊ महिने चालला. त्याच्या वंशात मात्र ‘मश’ व ‘मू’ या नावांची जगे निर्माण झाली. दुसरीकडे कोपनहेगन विद्यापीठातून 1991 मध्ये आलेल्या ‘डिकुमड’ने राक्षसांशी लढून बळ वाढविण्याची परंपरा रुजविली. पुढील काळातील चित्रमय ऑनलाइन खेळांवर तिचा ठसा स्पष्ट दिसतो.

रिचर्ड बार्टल याने 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले : मिळविणारे, शोधणारे, संवाद साधणारे आणि मारणारे. हे वर्गीकरण पुष्कळ उद्धृत होते. तथापि त्यात एक त्रुटी जाणवते. संवाद साधणारा खेळाडू आणि भूमिका वठविणारा खेळाडू यांना ते एकाच खणात टाकते. वस्तुतः गप्पा मारणे व पात्र वठविणे या भिन्न क्रिया आहेत. गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने 1983 च्या आपल्या ‘शेअर्ड फॅन्टसी’ या अभ्यासात अर्व्हिंग गॉफमनच्या चौकटीच्या संकल्पनेचा आधार घेऊन व्यक्ती, खेळाडू आणि पात्र असे तीन स्तर दाखविले होते. गप्पांमध्ये पहिला स्तर बोलतो. भूमिकाखेळात तिसरा स्तर बोलतो आणि पहिले दोन त्याच्या मागे गप्प उभे असतात. म्हणूनच या जगांत ‘पात्रात’ आणि ‘पात्राबाहेर’ असा भेद कटाक्षाने पाळला जातो.

कर्ता यंत्राचा, क्रियापद माणसाचे

‘लॅम्डामू’ या प्रसिद्ध जगात दोन चिन्हांना विशेष महत्त्व होते. अवतरणचिन्ह टंकून काही लिहिले की ते पात्राच्या तोंडचे बोलणे ठरे. अपूर्णविराम टंकून काही लिहिले की ती पात्राची कृती ठरे. दुसऱ्या प्रकाराला ‘इमोट’ किंवा ‘पोझ’ म्हणतात. त्याची यंत्रणा साधी आहे : वाक्याच्या आरंभी पात्राचे नाव यंत्र घालते, उरलेले वाक्य माणूस लिहितो. व्याकरणाच्या भाषेत, कर्ता यंत्र पुरविते आणि क्रियापद खेळाडू पुरवितो. कोणीही दुसऱ्याच्या नावाने वाक्य सुरू करू नये, ही मर्यादा अशा रीतीने यंत्रातच घातलेली होती. ही वाक्ये बहुधा तृतीय पुरुषी व वर्तमानकाळी असतात. नाटकाच्या संहितेतील रंगसूचनांशी त्यांचे साम्य आहे. लिन चेर्नी हिने 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषावैज्ञानिक अभ्यासात या वर्तमानकाळी कृतिवाक्यांचा तपशीलवार विचार केलेला आहे.

परंतु यंत्र केवळ मुख्य कर्ता बांधून ठेवते. त्यानंतर गौण वाक्ये कितीही जोडता येतात आणि अडचण तेथेच सुरू होते. उदाहरणादाखल पुढील दोन वाक्ये रचून पाहू. एका धर्मशाळेत काही पात्रे बसली आहेत आणि नवे पात्र आत येते.

पहिले वाक्य : ‘भैरव दारात येतो आणि त्याच्या डोळ्यांतील आग पाहून सर्वांच्या अंगावर काटा येतो.’

दुसरे वाक्य : ‘भैरव दारात येतो. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या आहेत आणि बाहेर पाऊस नाही.’

पहिल्या वाक्यात भैरवच्या लेखकाने आत बसलेल्या प्रत्येक पात्राचे क्रियापद परस्पर लिहून टाकले आहे. अंगावर काटा आला की नाही, हे ठरविण्याचा हक्क ज्याचा त्याचा होता. आता इतरांपुढे दोनच मार्ग उरतात : मुकाट्याने भ्यावे, किंवा आपण भ्यालो नाही असे सांगून अगोदरचे वाक्य खोटे पाडावे. दोन्हींत संवाद संपतो. दुसरे वाक्य कोणाविषयी काहीच ठरवीत नाही. त्यात एक विसंगती मात्र ठेवलेली आहे. एखादे पात्र ‘नदीवरून आलात काय?’ असे विचारील, दुसरे नजर चुकवील, तिसरे पंचा पुढे करील. या तिन्ही प्रतिसादांतून भैरव कोण आहे हे ठरत जाणार आहे आणि ते भैरवच्या लेखकालाही अद्याप पूर्णपणे ठाऊक नाही.

पहिल्या प्रकारच्या लेखनाला खेळाडूंच्या परिभाषेत ‘पॉवरपोझिंग’ म्हणतात आणि ते सर्वत्र निषिद्ध मानले जाते. त्याच्या शेजारचा एक दोष अधिक सूक्ष्म असून त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. तो म्हणजे आपल्याच पात्राचे अंतरंग वाक्यात उघड करणे. ‘भैरव हसतो; पण मनातून त्याला बालपणीची ती रात्र आठवत असते’ अशा वाक्याने कोणाच्या हक्कावर आक्रमण होत नाही हे खरे. परंतु समोरच्या पात्राला त्या रात्रीविषयी काही कळण्याचा मार्ग नसतो. कळते ते त्याच्या लेखकाला. लेखक लेखकाशी बोलू लागतात आणि पात्रे मध्येच लटकत राहतात. कादंबरीच्या वाचनावर वाढलेल्या खेळाडूंकडून ही चूक विशेष होते, कारण कादंबरीने त्यांना अंतरंगाची सवय लावलेली असते. ‘आर्मागेडन’ या 1991 मध्ये सुरू झालेल्या, भूमिका वठविणे सक्तीचे असलेल्या मडने यावर शोधलेला उपाय लक्षणीय होता. पात्राचे विचार व भावना नोंदविण्यासाठी तेथे स्वतंत्र आज्ञा होत्या. शेजारच्या पात्रांना मात्र ते मजकूर दिसत नसत, मन वाचण्याची शक्ती असलेले एखादे पात्र जवळ असल्याखेरीज. अंतरंगाला अस्तित्व आहे, पण ते इतरांना फुकट मिळत नाही, ही जीवनातील स्थिती आज्ञावलीने तेथे उभी केली होती. त्याच खेळात पात्राचे नाव पडद्यावर आपोआप दिसत नसे. दिसे ते एक त्रोटक वर्णन, आणि नाव विचारून किंवा ऐकून लक्षात ठेवावे लागे. एखाद्याने आपले नाव सांगणे ही त्यामुळे घटना होऊ शकत असे.

मिखाईल बाख्तिन याने दस्तयेव्स्कीविषयीच्या आपल्या ग्रंथात, जो 1929 मध्ये आणि सुधारित स्वरूपात 1963 मध्ये प्रसिद्ध झाला, असे प्रतिपादन केले होते की या कादंबरीकाराची पात्रे लेखकाच्या अंतिम शब्दात मावत नाहीत. त्यांच्याविषयी शेवटचे वाक्य कोणीच उच्चारू शकत नाही. कादंबरीत ही कलावंताने महत्प्रयासाने साधलेली सिद्धी असते. शब्दाधारित भूमिकाखेळात मात्र ती आरंभीची अट आहे. समोरचे पात्र अपूर्णच असते, कारण त्याची पुढील क्रियापदे दुसऱ्या कोणाकडे आहेत. ज्या लेखनाने ही अपूर्णता शिल्लक ठेवली त्यातून संवाद निर्माण होतो, असे म्हणता येईल.

एका दिवाणखान्यातील घटना

ही चर्चा केवळ लेखनाच्या शिष्टाचाराची नाही. तिची जबर किंमत मोजावी लागल्याचे उदाहरण लॅम्डामूच्याच इतिहासात आहे. पाव्हेल कर्टिस याने झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात 1990 मध्ये हे जग उभारले. त्याचा गाभा कर्टिसच्या स्वतःच्या घरावरून रचलेला होता. नवागत कोट ठेवण्याच्या अंधाऱ्या कपाटात प्रवेश करी आणि दार उघडून दिवाणखान्यात येई. 1993 च्या मार्च महिन्यातील एका रात्री याच दिवाणखान्यात ‘मिस्टर बंगल’ हे नाव धारण केलेल्या एका पात्राने ‘व्हूडू बाहुली’ नावाच्या छोट्या आज्ञावलीचा वापर केला. या बाहुलीचे कार्य एकच होते : इतर पात्रांच्या नावाने वाक्ये पडद्यावर उमटविणे. त्या वाक्यांतून इतर पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याचे आणि ती पात्रे स्वतःच विकृत कृत्ये करीत असल्याचे वर्णन केले गेले. पत्रकार ज्युलियन डिबेल याने 1993 च्या डिसेंबरमध्ये ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकात या घटनेवर लिहिलेला लेख पुढे सायबरविश्वाच्या अभ्यासात मूलग्रंथासारखा वाचला गेला.

कायदेतज्ज्ञांनी हा गुन्हा ठरतो काय याची चर्चा केली, तर समाजशास्त्रज्ञांनी समूह नियम कसे घडवितो याची. त्या दोन्ही चर्चा महत्त्वाच्या असल्या तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न वेगळा आहे. शब्द एवढे का लागले? अत्याचारित पात्रांपैकी ‘लेग्बा’ या पात्रामागील स्त्रीने घटनेनंतर निषेधाचा मजकूर लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते असे डिबेलला सांगितले. कादंबरीतील अत्याचाराचे वर्णन वाचूनही वाचक व्यथित होतो, परंतु ती व्यथा या जातीची नसते. लॅम्डामूमध्ये पात्राला देह नव्हता. पात्राजवळ होती ती केवळ त्याच्या लेखकाने निवडलेली क्रियापदे. तीच दुसऱ्याने लिहिली की पात्राचे म्हणून काही उरत नाही. इमोटच्या यंत्रणेने ज्या कर्त्याचे संरक्षण केले होते तो कर्ताच बाहुलीने पळविला.

त्या वेळी एक युक्तिवाद करण्यात आला की त्रास देणाऱ्याचा मजकूर आपल्या पडद्यावर येऊ न देणारी आज्ञा उपलब्ध होती, तिचा वापर का केला नाही? हा युक्तिवाद वरवर व्यवहार्य दिसतो. पण त्या आज्ञेने एवढेच होई की पीडितेला वाक्ये दिसत नसत. दिवाणखान्यातील इतर सर्वांना तिच्या नावाने लिहिलेली वाक्ये दिसतच राहिली असती. आपल्यामागे आपल्या नावाने काय चालले आहे हे न कळणे म्हणजे संरक्षण, असे मानणाऱ्याला या खेळातील पात्र म्हणजे काय हे समजलेलेच नाही. पात्र ही एकट्याच्या पडद्यावरची वस्तू नव्हे. इतरांच्या वाचनातच ते अस्तित्वात असते.

पुढे सभा झाली, बराच वाद झाला, निर्णय झाला नाही. अखेर एका जादूगाराने आपल्या अधिकारात मिस्टर बंगल हे पात्र नष्ट केले. त्यानंतर कर्टिसने अर्ज व मतदान यांची पद्धती तेथे आणली. हा भाग पुष्कळ ठिकाणी सविस्तर आलेला असल्याने येथे त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही.

धर्मशाळेतील कंटाळा

दुसऱ्याच्या क्रियापदाला हात लावू नये हा नियम पाळला की व्यवहार अर्थपूर्ण होतोच, असे मात्र नाही. किंबहुना हा नियम अति काटेकोरपणे पाळणाऱ्या जगांत दुसराच दोष शिरला. मश परंपरेतील अनेक जगांत संमतीचे तत्त्व रूढ झाले : पात्राच्या लेखकाची संमती असल्याखेरीज त्या पात्राला इजा, तुरुंगवास वा मृत्यू येऊ शकत नाही. परिणामी प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगापूर्वी पात्राबाहेर वाटाघाटी होऊ लागल्या. कोण जिंकणार, कोणाला जखम होणार, कोण रागावून निघून जाणार हे अगोदर ठरे आणि मग ते सुंदर भाषेत लिहून काढले जाई. लेखन उत्तम, पण घडलेले काहीच नाही. ज्यांना वाटाघाटींचाही कंटाळा येई ते धर्मशाळेत, मद्यालयात किंवा बागेत बसून सौजन्याची देवाणघेवाण करीत. कोणी कोणाला दुखावत नसे, कोणाला कोणाकडून काही हवेही नसे. आरंभी उल्लेखिलेली तक्रार प्रामुख्याने या बैठकांविषयीची आहे.

काही जगांनी यावर उपाय म्हणून चांगल्या भूमिकेसाठी सहखेळाडूंनी शिफारस करावी व त्यावरून अनुभवगुण मिळावेत अशी योजना केली. ती फसण्यासारखीच होती. शिफारस मिळविण्यासाठी सर्वांशी गोड राहणे सोयीचे असते, आणि नाट्य मात्र कोणाचे तरी मन मोडल्याखेरीज पुढे सरकत नाही. लांबलचक, अलंकृत परिच्छेद लिहिण्याची प्रवृत्तीही अशाच वातावरणात फोफावते. एका खेळाडूने पंधरा ओळींचा परिच्छेद लिहिण्यास दहा मिनिटे घेतली की समोरचा तोवर आपला परिच्छेद रचू लागतो. दोन्ही परिच्छेद शेजारी शेजारी उभे राहतात. एकातील कशालाही दुसऱ्याने उत्तर दिलेले नसते.

उत्स्फूर्त संवादाच्या या अडचणी मराठी अभ्यासकाला अगदी परक्या वाटू नयेत. सिंधुदुर्ग व गोवा या भागांतील दशावतारी नाटकाला पारंपरिक स्वरूपात लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावावयाचे व कोणी कोणते सोंग घ्यावयाचे हे ठरते आणि संवाद रंगमंचावर आयत्या वेळी निर्माण होतात. तेथेही एका नटाने दुसऱ्याच्या तोंडचे वाक्य हिरावून घेतले तर प्रसंग पडतो. आणि एकाने प्रश्न टाकला असता दुसऱ्याने पुराणातील दाखल्याने त्याला अडविले तर प्रसंग रंगतो. आख्यानाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, दैत्य मरणार हेही ठाऊक असते. परंतु मरण्यापूर्वी त्याने देवाला कोणता अडचणीचा प्रश्न विचारावा हे मोकळे असते. अर्थात हे साम्य फार ताणता येणार नाही. दशावतारात समोर प्रेक्षक असतो आणि त्याची दाद नटांच्या चढाओढीला शिस्त लावते. शब्दाधारित भूमिकाखेळात सहभागी तेवढेच वाचक असतात. तेथे बाहेरून दाद देणारा कोणी नाही. म्हणून परस्परांची गरज हीच काय ती शिस्त.

ही गरज कशी निर्माण होते? पात्राला काहीतरी हवे असणे आणि ते दुसऱ्याच्या होकारावाचून मिळण्यासारखे नसणे, ही त्याची किमान अट दिसते. आर्मागेडनमध्ये मृत्यू कायमचा होता. पात्र मेले की ते परत येत नसे; त्याच्यावर घालविलेले महिने वाया जात. त्यामुळे तेथे एखाद्याने वाळवंटात दुसऱ्याला पाणी देणे किंवा नाकारणे या कृतीला वजन होते. ही व्यवस्था क्रूर होती आणि ती सर्वांना मानवेल असे नाही. हिशेबात दोष असलेल्या आज्ञावलीमुळे पात्र दगावले तर त्याला शोकांतिका म्हणणे कठीण आहे. तथापि नकार शक्य असणे व त्याचा परिणाम टिकणे, या दोन गोष्टी तिने जपल्या. संमतीच्या जगांना त्या जपता आल्या नाहीत.

मराठीतील एक पेच

हे सर्व जग मुख्यतः इंग्रजीत घडले. 1990 च्या दशकातील हे सर्व्हर साध्या रोमन अक्षरसंचावर चालत. देवनागरीला तेथे जागाच नव्हती. पण लिपीची अडचण नसती तरी मराठीने या खेळापुढे एक वेगळा पेच टाकला असता. लॅम्डामूमध्ये पात्राचे लिंग निवडताना पुरुष व स्त्री यांखेरीज आणखी अनेक पर्याय होते. मायकेल स्पिव्हाक या गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी लिंगनिरपेक्ष सर्वनामे त्यांपैकीच. इंग्रजीत सर्वनाम बदलले की काम भागते, क्रियापद जसेच्या तसे राहते. मराठीत ‘हसतो’, ‘हसते’ यांपैकी एक निवडावेच लागते. प्रथम पुरुषात बोलूनही सुटका नाही. पहिल्याच क्रियापदाने पात्राचे लिंग उघड होते. ‘हसतात’ असे आदरार्थी बहुवचन योजले तर लिंग झाकता येईल, पण मग प्रतिष्ठा उघड होईल. भूतकाळात तर यंत्राने पुरविलेला कर्ताच अपुरा पडेल : ‘केशर दार उघडते’ हे वाक्य नावापुढे क्रियापद चिकटवून होते, ‘केशरने दार उघडले’ याला विभक्तिप्रत्यय हवा, आणि तेथे क्रियापद केशरकडे न पाहता दाराकडे पाहते. कर्मणी प्रयोगात कर्त्याचा हक्क व्याकरणानेच सैल केलेला आहे. मराठीत असा खेळ रचणाऱ्याला या गोष्टींचा विचार टाळता येणार नाही.

नकार न देणारा सोबती

अलीकडे या खेळाला एक नवा सोबती मिळाला आहे. 2019 मध्ये ‘एआय डन्जन’ हा खेळ आला. त्यात समोरची सर्व पात्रे भाषेच्या संगणकीय प्रतिमानाने लिहिलेली असतात. 2022 नंतर संभाषण करणाऱ्या कृत्रिम पात्रांच्या सेवा झपाट्याने पसरल्या. केव्हाही हजर असणारा, न थकणारा, भाषेची जाण असलेला सहखेळाडू मिळाल्याने धर्मशाळेतील कंटाळ्यावर कायमचा तोडगा निघाला, असे वरकरणी वाटू शकते. एकाकी माणसाला त्यातून विरंगुळा मिळतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु क्रियापदाच्या हक्काच्या दृष्टीने पाहिले असता तेथील स्थिती जुन्या मडच्या उलट आहे. एआय डन्जनमध्ये खेळाडू आपली कृती लिहितो, बोलणे लिहितो आणि वाटल्यास थेट कथाही लिहितो. म्हणजे समोरच्या पात्राने काय केले हेसुद्धा तो ठरवू शकतो. आलेले उत्तर आवडले नाही तर ते पुसून दुसरे मागविता येते. मागे न घेता येणारे वाक्य आणि दुसऱ्याच्या हाती असलेले क्रियापद या दोन्ही गोष्टी तेथे नाहीशा झाल्या. सर्व पात्रांमागे पुन्हा एकच लेखक उरला; फरक इतकाच की त्याचे बहुतेक लेखन यंत्र करून देते. समोरचे पात्र ‘नाही’ म्हणालेच, तर तो नकार खेळाडूने मुभा दिली तोवरच टिकतो.

या संदर्भात टायनीमडच्या काळातील एका प्रसंगाची आठवण उद्बोधक ठरेल. कार्नेगी मेलन विद्यापीठातील मायकेल मॉल्डिन याने ‘ज्युलिया’ नावाची एक संभाषण करणारी आज्ञावली तयार करून ती मडमध्ये पात्र म्हणून सोडली होती. आजच्या तुलनेत ती अगदीच बाळबोध होती. ठराविक शब्द ओळखून ठराविक उत्तरे देई आणि काही सुचले नाही की विषय बदली किंवा टोमणा मारी. एका पुरुष खेळाडूने ती मुलगी आहे असे समजून बरेच दिवस तिची मनधरणी केली. हा वृत्तांत लिओनार्ड फोनर याने 1993 मध्ये नोंदविला व पुढे शेरी टर्कल हिच्या ‘लाइफ ऑन द स्क्रीन’ या 1995 च्या ग्रंथामुळे तो सर्वत्र पोचला. त्याचा उल्लेख बहुधा माणूस यंत्राला कसा फसतो याचे गमतीदार उदाहरण म्हणून होतो. परंतु तो खेळाडू नेमका कशाला फसला हे पाहण्याजोगे आहे. ज्युलिया त्याला दाद देत नव्हती. ती टाळाटाळ करी, त्याचे बोलणे अर्ध्यावर सोडून दुसरेच काही बोले, आज डोके ठिकाणावर नाही असे सुचवी. ती माणूस आहे असे त्याला वाटत राहिले ते याच टाळाटाळीमुळे, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिच्याशी बोलावयास येई.